चार्जरची गुणगुण

“आवाज आला की बटण दाबायचं. कितीही बारीक आला तरी दाबायचं. आणि आला नाही तर अंदाजानं दाबायचं नाही.”

हे वाक्य मी तोवर दोन-तीन हजार वेळा तरी म्हटलं असेन. त्या दिवशी ते ऐकायला समोर रंगराव शेवाळे बसले होते. एसटीचे ड्रायव्हर, वय बावन्न, विटा-रत्नागिरी गाडीवर अकरा वर्षं. खाकी शर्टाला कडक इस्त्री, आणि तपासणीला यायचं म्हणून दाढी इतकी घोटलेली की हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं.

“आणि न्हाईच आला तर?”

“तर गप्प बसायचं.”

“गप्प बसायची सवय हाय मॅडम. घरात बी आणि गाडीत बी.”

मी हसले, त्यांच्या कानांवर हेडफोन नीट बसवले, हातात बटण दिलं आणि खोलीचं दार लावून घेतलं. खोली म्हणजे डॉक्टर उपळेकरांच्या कान-नाक-घशाच्या दवाखान्यातली मागची अडगळीची जागा. भिंतींना जाड गाद्या ठोकून आणि दाराला दुहेरी काच बसवून तिची श्रवणतपासणीची खोली केली होती. काचेच्या अलीकडे माझं टेबल. टेबलावर लॅपटॉप आणि त्याला यूएसबीच्या वायरनं जोडलेली साबणाच्या वडीएवढी साउंडची डबी. जुनं लोखंडी यंत्र बंद पडलं म्हणून तीन आठवड्यांपूर्वी हे नवं आणलं होतं. लॅपटॉपवर मी कळ दाबायची, डबीतून सूर पेशंटच्या कानात जायचा, त्यानं बटण दाबलं की पडद्यावरचं वर्तुळ पिवळं व्हायचं. वर्तुळ पिवळं झालं की ऐकू आलं, नाही झालं की नाही आलं. इतका सरळ हिशेब.

मी पंखा बंद केला. मग नेहमीप्रमाणे लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढली. त्या चार्जरला एक बारीक गुणगुण होती आणि ती मला सहन होत नसे. ज्या टेबलावर बसून लोकांचं ऐकणं मोजायचं, तिथं आपणच कशाला आवाज करायचा? दवाखान्यात दुपारनंतर हीच तपासणी करणारे भोसेकर मला चिडवायचे, “बाई, तुमचे कान कान नाहीत, सीआयडी आहेत.” असूदेत, म्हणायचे मी.

माझी दुसरी शिस्त थांबण्याची. सूर ठरावीक वेळानं दिले तर माणूस ताल पकडतो आणि न ऐकताच बटण दाबतो. म्हणून मी कधी तीन सेकंदांनी द्यायचे, कधी बारा, कधी पंधरा. भोसेकर मात्र ठप ठप ठप करत आठ मिनिटांत माणूस मोकळा करायचे. डॉक्टर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, “वैजयंतीबाईंच्या हातून सुटणं कठीण.” ते वाक्य मी घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू?

शेवाळ्यांची तपासणी पंचवीस मिनिटं चालली. काचेतून दिसत होतं, माणूस डोळे मिटून, बटणावर अंगठा ठेवून देवासमोर बसल्यासारखा बसला होता. आणि वर्तुळ पिवळं होत नव्हतं. मध्येच एखाद्या सुराला व्हायचं, पुढच्या दोनांना नाही. आवाज वाढवत नेला तरी तेच. शेवटी कागदावर जी रेघ उमटली ती खाली, बरीच खाली गेली होती.

ते बाहेर आले आणि त्यांनी कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“गेलं का स्टिअरिंग?”

“मी फक्त मोजते, शेवाळे. निर्णय एसटीची समिती घेते.”

“समिती कागदच बघती की. आमचा हणमंत मुळीक गेल्या पंधरवड्यात हितंच नापास झाला. एकवीस वर्षांचा ड्रायव्हर, आता गाड्या धुवायच्या हौदावर असतो. ढेकळं काढतो चाकाची.” त्यांनी टोपी उगाच झटकली. “मला हौदाचं काय न्हाई मॅडम. काम ते काम. पण मला खरंच ऐकायला येतंय. आंबा घाटात वळणापलीकडं गाडी कुठल्या गिअरमधी हाय ते सांगतो मी.”

मुळीकांना मीच तपासलं होतं. नापास होणारा प्रत्येक माणूस असंच म्हणतो, हेही मला ठाऊक होतं. आणि घाटात समोरचा हॉर्न न ऐकणाऱ्या माणसाच्या मागे पन्नास माणसं बसलेली असतात. दया दाखवून सही करणाऱ्यांतली मी नव्हे. मी पेन उचललं.

“बाहेर कुणाची तरी लूना उभी हाय,” शेवाळे दाराकडे वळता वळता म्हणाले. “प्लग बदलाय सांगा. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला चुकतीय.”

मी कान दिला. मला काहीच ऐकू आलं नाही. उठून खिडकी उघडली तेव्हा खाली, औषधाच्या दुकानासमोर, एक लूना फटफटत उभी दिसली. मी ठोके मोजले. चुकत होती.

मी त्यांना पुन्हा स्टुलावर बसवलं, भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन श्वासाच्या आवाजात आकडे पुटपुटले. “सत्तेचाळीस.” “सत्तेचाळीस.” “एकोणऐंशी.” “एकोणऐंशी.” “त्रेसष्ट.” “त्रेसष्ट. आणि मॅडम, तुमाला सर्दी झालीय.”

कागद म्हणत होता हा माणूस निम्मा बहिरा आहे. दोघांपैकी एक जण खोटं बोलत होता, आणि तो शेवाळे नव्हता.

मी तशीच डॉक्टरांकडे गेले. ते कुणाच्या तरी नाकात दिवा घालून बसले होते.

“पुन्हा घेऊन बघा,” ते म्हणाले. “पण आगाराचा क्लार्क चारला येतोय. त्याच्या हातात लिफाफा गेला पाहिजे. आहे तो रिपोर्ट द्यायचा नाहीतर नवा, पण चारला.”

घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

आधी यंत्र विकणाऱ्या कंपनीला फोन लावला. पुण्यातला एक मुलगा फार गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, आमच्या मशीनला काही होत नाही. पेशंट लक्ष देत नसणार.” मी म्हटलं, इथं येऊन बघा. तर म्हणाला पुढच्या मंगळवारी. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फोन आपटला आणि ठरवलं की मंगळवारची वाट बघायची नाही. मला संगणकातलं तेव्हा कळ दाबण्यापलीकडे काही कळत नव्हतं, पण ऐकू आलं का नाही एवढं तर कळत होतं.

“शेवाळे, तुम्ही इकडे या. माझ्या खुर्चीवर बसा.”

“मी?”

“मी आत बसते. तुम्ही ही कळ दाबायची. मला आवाज आला की मी बोट वर करीन.”

दवाखान्यात दुसरं कोणी रिकामं नव्हतं, म्हणून ड्रायव्हरलाच तपासनीस केलं. मी आत जाऊन हेडफोन चढवले. शेवाळ्यांनी कळ दाबली. टूं. मी बोट वर केलं. टूं. बोट वर. टूं. सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. रोज सकाळी मी अशीच स्वतःच्या कानांवर यंत्राची परीक्षा घ्यायचे आणि रोज ते पास व्हायचं.

“भराभर नको,” मी काचेतून खुणावलं. “थांबून थांबून. माझ्यासारखं.”

ते थांबले. मी वाट पाहत राहिले. काचेपलीकडे त्यांचा हात कळेवर पडलेला मला दिसला, आणि माझ्या कानात काहीही आलं नाही. नुसती शांतता. ते पुन्हा थांबले, हात पुन्हा पडला, पुन्हा शांतता. मी ठणठणीत कानांची बाई, दोन वेळा नापास झाले होते.

तेवढ्यात शेवाळे खुर्चीवरून अर्धे उठले आणि टेबलाकडे बोट दाखवून काहीतरी ओरडू लागले. मी दार उघडलं.

“मॅडम, ही डबी बगा. हिचा हिरवा दिवा विझतोय.”

“कधी?”

“तुम्ही म्हणाला थांबा, म्हणून आकडे मोजत हुतो. धा म्हटलं की विझतो. मग कळ दाबली की लागतो, पण जरा दम खाऊन लागतो. तवर तुमचा सूर गेला बी.” ते खूश होऊन माझ्याकडे पाहू लागले. “थंडीत गाडी पहिल्या सेल्फला घेत न्हाई, तसं झालंय हे. झोपतीय ही.”

मी डबीपाशी वाकले. दोघं मिळून मोजायला लागलो. सात, आठ, नऊ, दहा. दिवा विझला. कळ दाबली. पडद्यावर सूर दिल्याची खूण उमटली. दिवा पुरत्या एका सेकंदानं लागला, आणि माझे सूर होते एकेक सेकंदाचे. यंत्र मला सांगत होतं की सूर दिला, आणि पेशंटच्या कानात गेलेलं असायचं काहीच नाही.

एक वाजता भोसेकर डबा घेऊन आले. एसटीचा ड्रायव्हर माझ्या खुर्चीत आणि मी त्याच्या पायाशी टेबलाखाली, हे दृश्य पाहून ते दारातच थबकले.

“भोसेकर, तुम्ही तपासताना हा दिवा विझतो?”

“मी कुठे दिव्याकडे बघतो? पण माझे ड्रायव्हर जवळजवळ सगळे पास होतात. तीन आठवड्यांत एकच नापास.”

“तुम्ही चार्जर काढता?”

“कशाला काढू? कोण उठतंय!”

मी टेबलाखालची पिन उचलली आणि लॅपटॉपला लावली. गुणगुण सुरू झाली. मोजलं. दहा, पंधरा, वीस, तीस. दिवा विझला नाही. पिन काढली. दहाला विझला.

मी तिथंच फरशीवर बसून राहिले. लॅपटॉप बॅटरीवर गेला की काटकसर करत होता. डबी जरा रिकामी बसली की तिची वीज तोडत होता. भोसेकर आळसानं चार्जर काढत नव्हते आणि घाईनं थांबत नव्हते, म्हणून त्यांचे पेशंट वाचत होते. मी शांततेसाठी चार्जर काढत होते आणि न्यायासाठी थांबत होते, म्हणून माझे बुडत होते. सकाळची परीक्षा मी पिन काढायच्या आधीच, रात्रभर चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपवर, भराभर, उरकत होते. अति तेथे माती म्हणतात, पण ती अशी आपल्याच हातची असेल असं कधी वाटलं नव्हतं. मला रडू यायला लागलं होतं. भोसेकरांसमोर रडायचं नाही म्हणून मी टेबलाखालची वायर सरळ करत बसले.

“चार्जर ठेवा लावून, झालं काम,” भोसेकर म्हणाले.

“आणि खानापूरच्या तपासणी-शिबिरात? तिथं दिवसाला सहा तास वीज नसते. तिथं हे बॅटरीवरच चालणार.”

मी खुर्चीत बसले आणि मोबाइलवर उपाय शोधत शोधत सेटिंग उघडली. शेवाळे मागे उभे, भोसेकर डबा खात बाजूला. पॉवर ऑप्शनमध्ये बरंच खोल गेल्यावर यूएसबीची एक ओळ सापडली. रिकाम्या यूएसबीला झोपवायचं का, असा तिचा मतलब होता. बॅटरीसमोर ‘चालू’ होतं, ते ‘बंद’ केलं. मोजलं. दहाला दिवा विझला.

“विझला,” शेवाळे म्हणाले.

“दिसतंय मला.”

लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. तरी विझला. दोन वाजले. भोसेकर म्हणाले, बाई, जेवून घ्या. मी ऐकलं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये गेले. यूएसबी रूट हब नावाच्या चार ओळी एकाखाली एक होत्या. एक उघडून पाहिली तर आत पॉवर मॅनेजमेंटचं पान आणि त्यावर टिक केलेला चौकोन: वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची संगणकाला परवानगी आहे. कुणी दिली होती ही परवानगी? मी तर नव्हती दिली! टिक काढली. मोजलं. विझला. दुसऱ्या ओळीची काढली. विझला. तिसरीची काढली.

“आठ, नऊ, धा,” शेवाळे मागून मोजत होते, “अकरा. बारा. मॅडम, बारा!”

चौथीचीही काढून टाकली. एकाही टिकवर माझा विश्वास उरला नव्हता. पाच मिनिटं हात न लावता ठेवलं, तरी दिवा हिरवागार. मग मी स्वतः आत बसले आणि भोसेकरांकडून वीस सूर घेतले, पंधरा-पंधरा सेकंदांनी, बॅटरीवर. विसाच्या वीस ऐकू आले. आपल्याला असं थांबावं लागलं म्हणून भोसेकर घामाघूम झाले होते.

तीनला शेवाळ्यांना पुन्हा आत बसवलं. या वेळी वर्तुळ पिवळं होत गेलं. सगळं गोडगोड झालं असं मात्र नाही. उजव्या कानाची उंच सुरांची रेघ जरा घसरली, खिडकीकडच्या कानाची, तीस वर्षं वारा आणि इंजीन खाल्लेल्या. ती मी जशीच्या तशी कागदावर ठेवली. पण गाडी चालवायला तो कान पुरून उरत होता. पावणेचारला डॉक्टरांची सही झाली.

शेवाळ्यांनी कागद हातात घेतला, दोनदा वाचला, घडी घातली, आणि गेले नाहीत.

“मॅडम, एक इचारू? मुळीकला तपासला तवा चार्जर लावला हुता का?”

हा प्रश्न मी टेबलाखाली बसले होते तेव्हापासून माझ्यापुढे होता. कुणी विचारू नये अशी मी आशा करत होते, हेही सांगून टाकते.

“नाही,” मी म्हटलं.

ते टोपी घालून गेले.

मी रजिस्टर काढलं. तीन आठवड्यांत माझ्या सहीनं अकरा जण नापास होते. रजिस्टर घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि म्हटलं, या अकराही जणांचे रिपोर्ट मागे घ्यायचे आहेत, समितीला आजच पत्र जायला हवं.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “यंत्र दुरुस्त झालं ना? मग हात दाखवून अवलक्षण कशाला? वर्षभरानं त्यांची तपासणी पुन्हा होईलच. पत्र गेलं तर एसटीचं काम आपल्याकडून जाईल. आणि चूक कुणाची, हे विचारतील.”

“माझी म्हणून लिहिते.”

“नोकरी जाईल, बाई.”

“मुळीकांचं स्टिअरिंग गेलंय, सर. तुम्ही म्हणाला होता, माझ्या हातून सुटणं कठीण. मग मलाही कठीणच असूदे.”

ते बराच वेळ चष्म्याच्या काचा पुसत बसले. क्लार्क बाहेर येऊन खोकत होता. शेवटी म्हणाले, “लिहा. खाली माझीही सही घ्या. दवाखाना माझा आहे.”

नोकरी गेली नाही. एसटीचं काम मात्र सात-आठ महिने दुसरीकडे गेलं आणि तेवढे दिवस भोसेकर माझ्याशी तुटक बोलायचे. त्याआधी ते अकरा जण फेरतपासणीला आले. तिघांचे कान खरोखरच गेले होते, त्यांना मी तसं सांगितलं. आठ जणांचे शाबूत होते. त्यांतले शेवटचे आले हणमंत मुळीक. ठेंगणे, शांत, नखांत चिखल. पहिल्यांदा नापास केलं तेव्हाही ते एक शब्द बोलले नव्हते. मशीन म्हणतंय म्हणजे असेल, असं म्हणून गेले होते.

मी चार्जर लावला. सेटिंग दुरुस्त होती, बॅटरीवरही चाललं असतं, पण लावला. गुणगुणू दिला. पंधरा पंधरा सेकंद थांबून सूर दिले, आणि प्रत्येक वेळी वर्तुळ पिवळं झालं.

“मुळीक, तुमचे कान ठीक आहेत,” ते बाहेर आल्यावर मी म्हटलं. “चूक माझी होती. तुमच्या आयुष्यातले पाच आठवडे मी घेतले. मला माफ करा.”

त्यांनी मान हलवली. मग खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला.

“माझ्या मंडळीला तुमीच सांगा. माझ्यावर इश्वास बसायचा न्हाई. पाच आठवडं घरात सगळी वरडूनच बोलत्यात माझ्याशी. न्हाईतर बोलतच न्हाईत.”

ते मागे सरकून दारापाशी, चांगले चार हात लांब, उभे राहिले. मी फोन कानाशी घट्ट धरला आणि वहिनींना सगळं सांगितलं. तुमच्या मालकांना ऐकू येतं, आधीपासून सगळं ऐकू येत होतं, गाडी परत मिळेल. पलीकडून खूप हळू, जवळजवळ कुजबुजून त्या म्हणाल्या, “म्हंजे रातचं त्येंच्या उशाशी बसून मी जे रडत हुते, बोलत हुते, ते समदं त्येंनी ऐकलं?”

मी वळून पाहिलं. मुळीक दाराची चौकट धरून उभे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

“ऐकलं म्हणावं,” ते म्हणाले. “समदं.”